एक्सच्या मागे लागलेल्या अक्का

आमच्या ऑफिसातल्या अक्कांनी एखाद्या वस्तूला नुसत्या नावाने हाक मारली आणि पुढे गेल्या, असं तापीच्या दोन्ही काठांवर कोणी पाहिलेलं नसेल. नाव ठेवताना माणूस क्षणभर आळस करतो आणि त्या आळसाचं ओझं पुढचे सगळे जन्मभर वाहतात, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि हा सिद्धांत त्या कागदावर कमी आणि आमच्यावर जास्त चालवायच्या. जळगावातल्या आमच्या कंपनीत, जिथे शेतातल्या ठिबकचं पाणी आपोआप सोडणारे कंट्रोलर बनतात, तिथल्या चहाच्या ओट्यावर तीन डबे असायचे. पहिल्यावर चिठ्ठी: ‘साखर, चहात टाकायची.’ दुसऱ्यावर: ‘साखर, मुंग्यांनी पाहिलेली, टाकायची नाही.’ तिसऱ्यावर: ‘हा डबा रिकामा आहे, उघडून खात्री करू नये.’ अर्थात ऑफिसात नवा माणूस आला की तो सगळ्यात आधी तिसराच डबा उघडायचा. मी एकदा विचारलं, “अक्का, रिकामा डबा ठेवताच कशाला?” तर म्हणाल्या, “तो रिकामा शे, हे सगळास्ले माहीत पाहिजे ना.” भिंतीवरच्या बटणांनाही सुटका नव्हती. एका बटणाखाली लिहिलेलं होतं, ‘हे पंख्याचं वाटतं. नाही. हे दाबल्यास इंटरनेट जातं आणि पुण्याचे साहेब चिडतात.’

अक्का दोंडाईच्याच्या. मिरचीचा व्यापार करणाऱ्या मारवाडी घरातल्या, पण अहिराणी माझ्यापेक्षा चोख. गणितात एम. एस्सी. करून धुळ्याच्या कॉलेजांत तासिका तत्त्वावर शिकवलं, मग काकांच्या, म्हणजे त्यांच्या यजमानांच्या, बदलीबरोबर जळगावला आल्या आणि आमच्या मशीनची माहितीपुस्तकं लिहायला लागल्या. सुती साडी, खाली पांढरे बूट, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. एकीकडे ती पेन्सिल शोधत असायच्या आणि दुसरीकडे दुसऱ्याच्या वाक्यातला कर्ता. साधं बोलताना मराठी, हिशोबाचं बोलताना इंग्रजी आणि राग आला की अहिराणी, असे त्यांचे तीन गिअर होते. तिसरा गिअर पडला की आम्ही खुर्च्या मागे घ्यायचो.

नावांचं हे वेड कुठून आलं ते त्या स्वतःच रंगवून सांगायच्या. त्यांच्या वडिलांच्या दुकानात मिरचीच्या पोत्यांना शेतकऱ्याच्या आडनावाची चिठ्ठी लावायची पद्धत. आता दोंडाईच्याच्या बाजारात ‘पाटील’ एवढंच लिहिणं म्हणजे नदीला ‘पाणी’ नाव ठेवण्यासारखं. एक पाटील नुसत्या रंगाची, गोडसर मिरची आणायचे; दुसरे पाटील अशी मिरची आणायचे की पोतं उघडलं तर समोरचा टेलर मशीन बंद करून बाहेर यायचा. एका लग्नासाठी गोड पाटलाऐवजी तिखट पाटील गेले. शेवभाजीची पहिली पंगत बसली आणि वरपक्षाकडची एकूण एक माणसं रडू लागली. वधूची आई हे बघून गहिवरली. म्हणाली, बघा, किती मायेची माणसं मिळाली माझ्या लेकीला, आत्तापासून डोळ्यांत पाणी. “तवापासून,” अक्का सांगायच्या, “मी एका नावावर दोन पोती ठेवत नाही.”

आणि आमच्या खानदेशात तर एका नावावर गावंच्या गावं उभी. घरोघरी एक नाना, एक आबा, एक भाऊ, एक अक्का. नाव तेच, घर बदललं की माणूस वेगळा. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नाला अक्का शिंदखेड्याला आल्या होत्या. मुहूर्ताची वेळ झाली आणि माइकवरून पुकारा झाला, “नाना, जिथे असतील तिथून त्यांनी ताबडतोब स्टेजवर यावे.” मंडपातल्या निम्म्या टोप्या उठल्या. स्टेजच्या पायरीवर नानांची दाटी झाली, प्रत्येक नाना दुसऱ्या नानाला ‘तुमचं काय काम’ असं बघायला लागला. अक्का भाताचं ताट खाली ठेवून तडक माइककडे गेल्या आणि म्हणाल्या, “ज्यांच्या खिशात नवरीचं मंगळसूत्र आहे ते नाना.” सगळ्या नानांनी आपापले खिसे चाचपले. एकाच्या खिशात ते निघालं, आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आश्चर्य त्यांनाच वाटलं.

त्यांच्या फोनमध्ये कोणाचंही नुसतं नाव नव्हतं. ‘दूधवाले, सुट्टी न सांगणारे.’ ‘नणंद, सुरतची, लांब बोलते.’ काकांचा नंबर ‘स्वतःचे यजमान’ असा होता, म्हणजे दुसऱ्यांचे कोणाचे यजमान असतील तर घोळ नको. माझं नाव ‘शिंदखेड्याची, घाईत हो म्हणणारी’. मी रागावले तर म्हणाल्या, “खोटं शे का?” माझा फोन त्यांनी एकदा हातात घेतला आणि त्यांना घेरी यायची बाकी राहिली. माझ्याकडे ‘अक्का’ नावाने चार नंबर होते: माझी मोठी बहीण, धुळ्याची मावशी, गावाकडच्या शेजारीणबाई आणि या. “अगं, फोन वाजला तर कळतं कसं कोण शे?” मी म्हटलं, उचलल्यावर कळतं. हे उत्तर त्यांच्या वर्मी लागलं. पुढे महिनोन्‌महिने ऑफिसात काही चुकलं की म्हणायच्या, “हो ना, उचलल्यावर कळेल.” पण मी काही ती नावं बदलली नाहीत. मीही खानदेशातलीच, हट्ट आम्हालाही येतो.

मी घाईत हो म्हणायचे, हे मात्र खरं होतं, आणि त्याचं कारण आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी मिरवूनच सांगते. ज्यांच्या घरी तीन पिढ्या पदवीधर आहेत ते मिरवत नाहीत, कारण त्यांना त्याची किंमत कळत नाही. पण पहिलेपणाची एक गोची असते. वर्गात, मुलाखतीत, ऑफिसात एखादी गोष्ट समजली नाही तर आपल्याला वाटतं, बाकीच्यांना ही घरूनच माहीत असणार. मग आपण मान हलवतो. मी इतक्या ठिकाणी मान हलवली होती की माझी नोकरी त्या मानेवरच टेकलेली होती, आणि ती अजून पक्की व्हायची होती.

आता ज्या पानावरून रामायण घडलं त्या पानाकडे येते. आमच्या कंट्रोलरच्या डब्यात दोन कामं एकाच वेळी चालतात. एक काम ठरवतं की आज कुठल्या प्लॉटला पाणी द्यायचं. ते प्लॉटचा नंबर एका सामाईक जागेत लिहितं आणि मग एक खूण वर करतं. दुसरं काम त्या खुणेवर डोळा ठेवून असतं. खूण दिसली की सामाईक जागेतला नंबर वाचायचा आणि त्या प्लॉटचा वॉल्व्ह उघडायचा. ऐकायला सोपं आहे. गंमत अशी की आतली चिप वेळ वाचवायला आपल्या सोयीने कामं मागेपुढे करते. आपण लिहिलं ‘आधी नंबर, मग खूण’, तरी दुसऱ्या कामाला कधी कधी खूण आधी दिसते आणि नंबर जुनाच. तसं होऊ नये म्हणून दोन ओळींच्या मधे एक हुकूम घालावा लागतो, की याच्या अलीकडचं पूर्ण झाल्याशिवाय पलीकडचं करायचं नाही. आम्ही ऑफिसात त्याला ‘बांध’ म्हणायचो.

हे सगळं समजावणारं प्रकरण पुण्याच्या साहेबांनी लिहिलेलं होतं. साहेब हुशार माणूस, आमचे प्रमुख, बरेचसे व्हिडिओ कॉलवर असायचे आणि महिन्यातून कधीतरी प्रत्यक्ष यायचे. त्यांनी जगभर लिहितात तसंच लिहिलं होतं: डावीकडे एक्स आणि वाय, उजवीकडे ए आणि बी, आणि मग प्रश्न, ए एक असताना बी शून्य असू शकेल का? पहिल्या पानावर एक्स हे सामाईक जागेचं नाव होतं. पान उलटून तिसऱ्यावर गेलं की तोच एक्स वाचणाऱ्याने स्वतःपाशी घेतलेल्या आकड्याचं नाव व्हायचा, आणि सामाईक जागा ए होऊन बसायची. मी ते प्रकरण वाचलं, पुन्हा वाचलं, मान हलवली आणि वाचणाऱ्या बाजूचा प्रोग्राम लिहिला. बांध घातला, पण खुणेच्या नको त्या बाजूला.

डबा चाचणीसाठी जामनेरजवळच्या एका केळीच्या बागेत लावला होता. बागेचे मालक आबा, ऐन उमेदीत दाढी पांढरी झालेले, शांत गृहस्थ. आठवड्याभरात त्यांचा फोन आला. “ताई, तुमचं मशीन एकाच प्लॉटवर जीव लावून बसलं. कालही त्यालेच पाणी, आजही त्यालेच. बाकीचे प्लॉट रुसले.” केळीचं काही बिघडलं नाही, आबांनी हाताने वॉल्व्ह उघडले. पण साहेबांनी कॉलवर माझा प्रोग्राम उघडला, बांध कुठे आहे ते पाहिलं आणि अगदी थंडपणे म्हणाले, “प्रकरणात सगळं लिहिलेलं आहे. पान वाचता येत नसेल तर हे काम जमणं कठीण आहे. आढाव्याच्या वेळी विचार करू.” आढावा म्हणजे नोकरी पक्की होण्याचा आढावा. मी सवयीने मान हलवली. ‘हो सर’ म्हटलं.

कॉल बंद झाल्यावर अक्कांनी खुर्ची माझ्याकडे ओढली. “त्या पानात तुले काय समजनं ते सांग.” मी सांगायला लागले आणि दुसऱ्या वाक्याला अडकले. मग म्हटलं, “अक्का, माझं इंग्रजीच कच्चं आहे.” तेव्हा तिसरा गिअर पडला. “इंग्रजी कथानी? एक्सले काय इंग्रजी लागस? तुनी चूक नही शे, पाननी चूक शे.” आणि अंबाड्यातली पेन्सिल काढून त्यांनी ते पान वाचायला घेतलं. माझ्या आयुष्यात ‘चूक पानाची असू शकते’ हे वाक्य त्या दिवशी पहिल्यांदा आलं. सोळा-सतरा वर्षं शिकले, कोणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर अक्का एक्सच्या मागे लागल्या. काकांनी मला नंतर सांगितलं की घरी वरण करतानाही त्या “हा एक्स कोणाचा” असं पुटपुटायच्या. प्रकरणातला प्रत्येक एक्स त्यांनी रंगीत पेन्सिलीने रंगवला: सामाईक जागेचा हिरवा, वाचलेल्या आकड्याचा तांबडा. तिसरं पान होळीनंतरच्या शर्टासारखं दिसायला लागलं. ते त्यांनी साहेबांना कॉलवर कॅमेऱ्यासमोर धरून दाखवलं.

“मॅडम,” साहेब म्हणाले, “ही जगभरची पद्धत आहे. ज्याला विषय कळतो त्याला एक्स-वायने फरक पडत नाही.”

“ज्याला विषय कळतो त्याने हे पान वाचायचं कशाला, साहेब? पान न कळणाऱ्यासाठी असतं.”

“नावं बदलून चिपची वागणूक बदलत नाही.”

“चिपशी माझं भांडण नाहीये. चिप पान वाचत नाही. ही पोरगी वाचते.”

साहेबांनी ‘बघू’ म्हटलं. मोठ्या ऑफिसात ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, पण अक्कांच्या कोशात त्या शब्दाला तो अर्थ नव्हता. दर सोमवारच्या कॉलला सगळ्यांचं झालं की त्यांचा एकच मुद्दा असायचा, “पान तीन.” आम्ही सगळे वह्या मिटून उठायच्या बेतात असायचो, साहेब ‘अजून काही?’ म्हणायचे आणि ते विचारून झाल्यावर डोळे मिटून घ्यायचे. एका सोमवारी नेट गेलं तर अक्कांनी संशयाने त्या बटणाकडे पाहिलं, कोणी मुद्दाम दाबलं का म्हणून. दाबलं होतं. कोणी ते मी सांगणार नाही.

शिवाय अक्कांची स्वतःची दुरुस्तीही सरळ नव्हती. त्यांनी पहिल्यांदा जी नावं सुचवली ती इतकी लांब होती की एकेक ओळ पानाबाहेर जाऊन टेबलावर उतरली असती. ‘ज्या प्लॉटला आज पाणी द्यायचं ठरलं आहे पण अजून दिलेलं नाही त्याचा नंबर’ हे एका आकड्याचं नाव. मी म्हटलं, अक्का, हे नाव वाचेपर्यंत केळी पिकतील. त्या रागावल्या, पण नावं छाटायला बसल्या. एका गोष्टीवर मात्र ठाम होत्या: खुणेचं नाव ‘तयार’. खूण दिसली म्हणजे नंबर तयार. “बघ कसं स्वच्छ शे,” म्हणाल्या. मलाही ते स्वच्छ वाटलं.

थंडी पडली आणि आबांचा निरोप आला, शेतात भरीत पार्टी ठेवली आहे, सगळ्यांनी यायचं. खानदेशात हिवाळ्यात भरताचं आमंत्रण नाकारणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे. साहेबही त्या आठवड्यात जळगावात होते, तेही आले. बांधावर कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांवर हिरवी वांगी भाजत होती, लाकडी बडगीत मिरच्या-लसणाबरोबर ठेचली जात होती, पलीकडे ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी. साहेबांना तिखट चालत नाही हे अक्कांना माहीत होतं. आबांच्या मजुरांसाठी केलेलं पहिलं भरीत जाळ होतं आणि ते चिंचेखालच्या पातेल्यात होतं. साहेबांसाठी सौम्य भरीत वेगळं ठेचलं जात होतं. अक्कांनी बंदोबस्त ठरवून दिला: आबांनी पातेल्यातलं तिखट काढून त्यात सौम्य भरायचं, आणि मग खांबाला लाल फडकं लावायचं. साहेब आणि मी तोवर पलीकडे पंपघराजवळ डबा तपासणार. “साहेब,” अक्कांनी बजावलं, “लाल फडकं दिसलं की समजायचं, भरीत तयार.”

आम्ही डबा उघडून बसलो होतो. साहेब माझ्याशी त्या दिवसानंतर तुटक बोलायचे, मीही तेवढंच. थोड्या वेळाने त्यांनी मान वर केली, म्हणाले, “फडकं लागलं,” आणि भूक लागलेल्या माणसाच्या चालीने चिंचेकडे गेले. मी डब्याचं झाकण लावून मागोमाग पोचले तोवर साहेबांनी पातेल्यातलं वाढून घेतलं होतं आणि भाकरीच्या पहिल्या घासाबरोबर भरताचा मोठा गोळा तोंडात गेला होता. क्षणभर काहीच झालं नाही. मग त्यांचे कान लाल झाले, मग कपाळ, मग आवाज गेला. इतक्यात दुसऱ्या बाजूने आबा सौम्य भरताची बडगी दोन्ही हातांनी धरून सावकाश येताना दिसले.

“आबा, हे काय?” अक्का धावल्या. “फडकं लावलं, आणि भरीत अजून हातातच?”

“वाटेत खांब व्हता,” आबा म्हणाले, “म्हटलं फडकं लावत जाऊ. दोन चकरा कशाले?”

अक्का थबकल्या. पाण्याचा तांब्या साहेबांकडे नेता नेता त्यांच्या चेहऱ्यावर असा प्रकाश पडला की मला वाटलं, आता या माणसाला पाणी मिळत नाही. “साहेब,” त्या म्हणाल्या, “ही चिप. ही तुमची चिप, बघा. एक चक्कर वाचवली. खूण आधी, माल नंतर. आणि तुम्ही जुना माल खाल्ला. आता सांगा, हे एक्स-वायने कळलं असतं?”

साहेबांनी तांब्या जवळजवळ हिसकावून घेतला. घटाघटा पाणी प्यायले, डोळे पुसले आणि बसलेल्या आवाजात म्हणाले, “मॅडम, मी हे का खाल्लं?”

“भूक लागली म्हणून.”

“तुम्ही नाव चुकीचं ठेवलं म्हणून. फडक्याला तुम्ही ‘तयार’ म्हणालात. मी विश्वास ठेवला. म्हणून आम्ही एक्स लिहितो. एक्स कोणाला वचन देत नाही. ‘तयार’ हे वचन आहे, आणि ते पाळलं जाईलच असं नाही, हेच तर त्या प्रकरणात शिकवायचं आहे.”

  अक्कांनी साहेबांच्या ताटातला तो तिखट भरताचा घास उचलला, स्वतःच्या तोंडात टाकला आणि दोंडाईच्याच्या लेकीला शोभेल अशा निर्विकार चेहऱ्याने चावून गिळला. मग बाजेवर बसल्या, अंबाड्यातून पेन्सिल काढली. “बरोबर शे,” त्या म्हणाल्या. “नाव काय घडलं त्याचं पाहिजे. काय घडेल असं वाटतं, त्याचं नको. फडक्याचं नाव ‘फडकं लावलं’. एवढंच. त्यापुढचं वचन बांधाने द्यायचं.”

“आणि पातेलं?” साहेबांनी विचारलं. ते आता बाजेच्या दुसऱ्या टोकाला बसले होते, हातात गुळाचा खडा.

“पातेल्यातलं ते ‘पातेल्यातलं’. ताटात घेतलं ते ‘ताटातलं’. एक नाव एका जागेचं, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. पान उलटलं म्हणून पातेल्याचं ताट व्हायचं नाही.”

मी उभीच होते. आणि मला एकदम ते सगळं दिसलं, पातेलं, फडकं, ताट, आबांची वाट. मी बोलायला लागले तेव्हा घाई केली नाही. म्हटलं, “बांध दोन लागतात. आबांच्या वाटेवर एक: भरीत पातेल्यात पडल्याशिवाय फडकं लावायचं नाही. साहेबांच्या वाटेवर दुसरा: फडकं बघितल्याशिवाय ताट वाढून घ्यायचं नाही. मी माझा बांध फडकं बघण्याच्या आधीच घातला होता. फडकं बघणं आणि वाढून घेणं यांच्या मधे काहीच नव्हतं. म्हणून चिपने आधी वाढून घेतलं, फडकं मग बघितलं.”

साहेब म्हणाले, “पुन्हा सांग.” मी पुन्हा सांगितलं.  “बरोबर आहे,” ते गूळ चघळत म्हणाले. आणि वर, “पान तीन मीही आज पुन्हा वाचलं, गाडीत. तिथे एक्स मीच उलटा केलाय.” आबांनी विचारलं, एक्स कोण? अक्का म्हणाल्या, “होता एक. गेला.”

इतक्या सहज गेला मात्र नाही. साहेबांची अट होती की बाहेरची पुस्तकं वाचणाऱ्याला ओळख पटावी म्हणून तळाशी एका टिपेत एक्स-वाय राहावेत. अक्कांनी ती मानली, पण टिपेच्या आधी लिहिलं, ‘इतरत्र हीच गोष्ट पुढील नावांनी भेटेल, घाबरू नये.’ ‘घाबरू नये’ काढायला साहेबांनी सांगितलं, त्यावर आणखी काही सोमवार गेले. ते राहिलं. मी प्रोग्राम सुधारला, आबांच्या बागेतले प्लॉट आळीपाळीने भिजायला लागले, आणि आढाव्यात साहेबांनी माझ्या नावापुढे ‘कायम’ असं लिहिलं. आबांनी फोन करून सांगितलं, “आता मशीन सगळ्यायले सारखंच बघतं. पण त्या पहिल्या प्लॉटची केळी जरा लाडावली.”

अक्का आता ऑफिसात नाहीत. भावाची तब्येत बरी नसते म्हणून काकांसह दोंडाईच्याला गेल्या, दुकान बघतात. तिथल्या पोत्यांवर आता काय काय लिहिलेलं असेल याची मी कल्पना करू शकते; जे ऐकलं त्यावरून एका पोत्यावर ‘पाटील, वरपक्षाला देऊ नये’ असं आहे. आमच्या ओट्यावरचे डबे कोणीतरी बदलले, नवे सारखे, काचेचे, आतलं दिसतं. बटणाखालची चिठ्ठी अर्धी निघाली आहे, ‘साहेब चिडतात’ एवढंच उरलं आहे. अक्कांनी सुधारलेलं ते पान तीन मात्र तसंच आहे. त्याच्यावर लिहिणाऱ्याचं नाव नसतं, आमच्याकडे तशी पद्धत नाही. नवी मुलं-मुली येतात, धरणगाव, साक्री, चोपडा, कुठून कुठून. त्यातली बरीच आपापल्या घरातली पहिलीच. ती पान तीन वाचतात आणि बांध योग्य जागी घालतात. कोणी अडकलं तर मी पेन्सिल घेऊन शेजारी बसते आणि आधी पान तपासते.

माझ्या फोनमध्ये अजून चार अक्का आहेत. चौघींचं नाव तेवढंच, पुढेमागे काही नाही. सहकारी हसतात, मी याच विषयात काम करते आणि माझाच फोन असा. एकदा बदलायला बसलेही होते. पण या अक्का फोन कमी करतात, दुकानात वेळ मिळत नाही. वाजला तर बहुतेक बहिणीचा असतो, नाहीतर मावशीचा. तरी स्क्रीनवर ‘अक्का’ उमटतं, मी हातातलं काम ठेवते आणि उचलून कानाला लावेपर्यंत तो फोन दोंडाईच्याचा असू शकतो. तेवढं मला राहू द्यायचं आहे. उचलल्यावर कळतंच.